शेव्हर्ले बिस्केन : इतिहास समजून घेताना आणि गाडी तपासताना या चुका टाळा

साठच्या दशकातली मोठी अमेरिकन गाडी म्हटली की बहुतेकांना शेव्हर्लेची इम्पाला आठवते. क्रोमच्या पट्ट्या, रुंद सीट, मागे प्रत्येक बाजूला तीन दिवे. त्याच कारखान्यांत, त्याच चासीवर, जवळजवळ त्याच पत्र्यातून बिस्केनही बनत होती. पोलीस खाती, टॅक्सीवाले, सरकारी कार्यालयं, कंपन्यांचे फिरते विक्रेते आणि जपून खर्च करणारी कुटुंबं ती घेत असत. गाडी मोठी हवी, पण सजावटीवर पैसे घालवायचे नाहीत, अशा लोकांसाठी ती होती. तिच्याबद्दल ज्या चुका होतात, त्यातल्या बहुतेक तिला इम्पालाच्या मापाने मोजल्यामुळे होतात.

पहिली चूक कालक्रमाची. बिस्केन सुरुवातीपासूनच शेव्हर्लेची सगळ्यात स्वस्त मोठी गाडी होती, असं सर्रास लिहिलं जातं. 1958 साली ती आली तेव्हा तिच्याखाली डेलरे होती. डेलरेने शेव्हर्लेच्याच जुन्या ‘150’ मॉडेलची जागा घेतली होती आणि बिस्केनने ‘210’ची, म्हणजे बिस्केन मधल्या पायरीवर होती. वर बेल एअर, आणि इम्पाला त्या वर्षी बेल एअरचीच सर्वांत उंची आवृत्ती होती. 1959 मध्ये इम्पाला स्वतंत्र मालिका झाली, डेलरे बंद पडली आणि बिस्केन तळाला आली. 1960 आणि 1961 मध्ये तर ‘फ्लीटमास्टर’ नावाची तिचीही काटकसरी आवृत्ती निघाली. तिच्यात सिगरेट लायटर, हात टेकायची जागा, शेजारच्या प्रवाशासमोरची ऊन अडवणारी झडप अशा गोष्टीही कमी केल्या होत्या. घाऊक गाड्या घेणाऱ्यांना एकेका गाडीमागे वाचणारे थोडे डॉलरही महत्त्वाचे होते. अमेरिकेत बिस्केन 1972 पर्यंत चालली, कॅनडात 1975 पर्यंत. त्यामुळे 1974 ची बिस्केन पाहिली की लगेच ‘कागद खोटे’ म्हणू नका, आधी गाडी कुठल्या देशात विकली गेली ते विचारा.

याच ओघात जनरल मोटर्सच्या 1955 च्या मोटोरामा प्रदर्शनातली ‘बिस्केन’ही मध्ये येते. ती चार दारांची, मधला खांब नसलेली प्रदर्शनी गाडी होती. रस्त्यावरच्या गाडीने तिच्याकडून नाव घेतलं, आणि ते नाव फ्लोरिडातल्या बिस्केन उपसागराचं. तिला आपल्या बिस्केनची आई ठरवू नका.

आपल्याकडचीही एक चूक दुरुस्त करायला हवी. ‘आजोबांची बिस्केन मुंबईतच जोडलेली होती’ हे जुळत नाही. शेव्हर्लेची मालक कंपनी जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला 1928 मध्ये गाड्यांची जुळणी सुरू केली आणि 1954 मध्ये ती बंद केली. बिस्केन त्यानंतर चार वर्षांनी जन्मली. त्या काळात मुंबईत जोडलेल्या मोठ्या अमेरिकन गाडीचा फोटो घरात असेल, तर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली डॉज, प्लिमथ किंवा डिसोटो आहे का ते आधी पाहा.

आता गाडी ओळखण्याकडे येऊ. 1960 ते 1965 च्या गाड्यांत मागचे दिवे ही सोपी खूण आहे. बिस्केन आणि बेल एअरला प्रत्येक बाजूला दोन, इम्पालाला तीन. पण 1959 ला ही खूण लावू नका. त्या वर्षीचे मांजरीच्या डोळ्यांसारखे दिवे सगळ्याच मॉडेलना होते, तिथे बाजूची पट्टी आणि आतली सजावट पाहावी लागते. दुसरी खूण अधिक पक्की. अमेरिकेत बिस्केन फक्त सेडान आणि स्टेशन वॅगन म्हणून विकली गेली. कुणी ‘ओरिजिनल बिस्केन कन्व्हर्टिबल’ दाखवली, तर पुढे भाव करायला बसू नका. वॅगनचंही नाव बदलत राहिलं. 1959 ते 1961 आणि पुन्हा 1969 ते 1972 या पायरीवरच्या वॅगनला ‘ब्रुकवुड’ म्हणत, मधल्या काळात ती बिस्केनच होती.

सगळ्यात महाग पडणारी चूक इंजिनाची आहे, म्हणून तिच्याकडे जास्त लक्ष द्या. बिस्केन हलकी आणि स्वस्त. त्यामुळे शर्यतीची हौस असलेले काही ग्राहक साध्या दोनदारी गाडीत सर्वांत ताकदवान इंजिन मागवत. 1962 चं 409 घनइंची इंजिन दोन कार्ब्युरेटर लावून 409 हॉर्सपॉवरचं होतं. 1966 मध्ये 427 घनइंची इंजिन 425 हॉर्सपॉवरमध्ये मिळत होतं. रबरी मॅटची, टॅक्सीसारखी दिसणारी गाडी आणि आत सात लिटरचं इंजिन! हा इतिहास खरा आहे आणि मला तो फार आवडतो. म्हणूनच त्याच्या नकलाही होतात, कारण सहा सिलिंडरच्या बिस्केनमध्ये नंतर 427 बसवणं अवघड नाही.

गाडीचा कारखान्याने दिलेला क्रमांक (नंबरप्लेटवरचा नव्हे) इथे अर्धीच मदत करतो. 1965 ते 1971 मध्ये क्रमांकाचे पहिले तीन अंक 153 असतील तर सहा सिलिंडरची बिस्केन, 154 असतील तर व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरची. म्हणजे 153 ची गाडी ‘कारखान्यातूनच 427’ असूच शकत नाही. पण 154 म्हणजे 427 असंही नाही, साधं 283 असलं तरी क्रमांक 154 च. क्रमांकावरून नेमकं इंजिन 1972 पासून कळू लागलं. त्याआधीच्या व्ही-8 गाडीत ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या, पुढच्या बाजूला, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे कोरलेली अक्षरं वाचा. ब्लॉकवरच्या ओतकामाची तारीखही पाहा. तिथे A म्हणजे जानेवारी, B म्हणजे फेब्रुवारी, असा क्रम चालतो, आणि ती तारीख गाडी तयार होण्याच्या थोडी आधीची हवी. 1968 पासून ब्लॉकवर गाडीच्या क्रमांकाचा काही भागही असतो. 1965 नंतरच्या गाडीसोबत मिळालेली वॉरंटीची धातूची पट्टी असेल, तर तिच्यावरची माहितीही जुळवा. ब्लॉकवरचा तो भाग नुकताच घासून गुळगुळीत केलेला दिसला, तर विक्रेत्याची गोष्ट कितीही रंगतदार असली तरी किंमत साध्या बिस्केनचीच द्या.

सहा सिलिंडरचं इंजिन पाहून नाक मुरडू नका. 1962 पर्यंतच्या गाड्यांतलं 235 घनइंची इंजिन दणकट आहे. ‘त्यात तेल नुसतं उडवून फिरतं’ हा समज चाळीसच्या दशकातल्या इंजिनांवरून आला आहे. 1954 पासून सगळ्या 235 मध्ये बेअरिंगला दाबाने तेल मिळतं. या काळातल्या सहा आणि आठ सिलिंडरच्या दोन्ही इंजिनांना मात्र आजचं कुठलंही तेल घालू नका. त्यांचे सपाट टॅपेट कॅमशाफ्टवर, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यावर, घासत फिरतात आणि त्यांना पुरेसं झिंक असलेलं तेल लागतं. नवा कॅमशाफ्ट बसवला असेल तर हे फारच महत्त्वाचं.

गरम झाल्यावर गाडी बंद पडते आणि तासाभराने मुकाट सुरू होते, ही नेहमीची तक्रार. लोक थेट कार्ब्युरेटर उघडतात. तसं करू नका. गाडी बंद पडल्याबरोबर इंजिन न फिरवता एअर क्लीनर काढा आणि आत बघत हाताने थ्रॉटल हलवा. पेट्रोलची धार दिसली तर पेट्रोल पोचतंय, मग ठिणगीच्या बाजूचे कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट तपासा. व्ही-8 ला ड्वेल, म्हणजे पॉइंट बंद राहतात तो कोन, साधारण 30 अंश हवा. धार दिसलीच नाही, तर पेट्रोलच्या नळीत वाफ झाली असेल किंवा पेट्रोल खेचणाऱ्या एसी बनावटीच्या पंपाचा डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) गेला असेल. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि डायफ्रॅम फुगतात, चिरतात. ते आधीच बदलून टाका.

ब्रेकच्या बाबतीत जराही तडजोड नको. 1966 पर्यंत चारही चाकांना ब्रेकचं तेल ढकलणारा एकच मास्टर सिलिंडर, तेलाची एकच वाट. एक पाइप फुटला की पाय थेट तळाला. 1967 पासून पुढची आणि मागची वाट वेगळी झाली. जुनी गाडी रोज चालवणार असाल, तर दुहेरी मास्टर सिलिंडर बसवा. मूळपणाचा आग्रह इथे सोडावा, हे माझं ठाम मत आहे.

1958 ते 1964 च्या गाड्यांची चासी इंग्रजी एक्स अक्षरासारखी आहे आणि तिला बाजूचे दांडे नाहीत. म्हणून दाराखालच्या पत्र्याला जॅक लावू नका, पत्रा आत दबेल. लिफ्टवर चढवण्याआधी गॅरेजवाल्याला हे आवर्जून सांगा. गंज बघताना मागच्या अॅक्सलजवळची चासी आणि बॉडी जिथे बोल्टने बसते त्या जागा टोचून पाहा, नुसता रंग पाहून समाधान मानू नका. 1965 पासून कडेने फिरणारी चासी आली, तिथे ही अडचण नाही.

शेवटी दुरुस्तीबद्दल. बिस्केनला इम्पालाच्या पट्ट्या आणि गालिचा लावून ‘सुधारणारे’ पुष्कळ आहेत. त्याने गाडी इम्पाला होत नाही आणि पोलिसांची किंवा टॅक्सीची ती खरी बिस्केन मात्र हरवते. इंजिन, ब्रेक, सस्पेन्शनचे भाग इम्पालाशी मिळते-जुळते असल्याने सहज मिळतात. खरी अडचण तिच्या साध्या सीटचं कापड, पातळ बाजूपट्टी आणि नावाची अक्षरं यांची आहे. इम्पालाच्या सजावटीचे भाग नव्याने बनतात, बिस्केनचे क्वचितच. म्हणून गाडी बघायला जाताना इंजिन सुरू करण्याआधी ही अक्षरं, पट्ट्या आणि सीटचं मूळ कापड जागेवर आहे का, ते मोजून घ्या.