उत्क्रांतीची टपाल तिकिटं कशी जमवायची? सुरुवात एका हत्तीपासून करा

तिकिटं जमवायची म्हटली की बहुतेक लोक देशवार पानं पाडून बसतात, भारत, नेपाळ, श्रीलंका, मग रशिया, आणि सहा महिन्यांत कंटाळतात कारण त्याला शेवटच नाही. माझं म्हणणं सरळ आहे, देश सोडा आणि एक गोष्ट धरा. सजीव कसे बदलत गेले आणि माणसाला ते कसं कळलं, ही गोष्ट धरलीत तर प्रत्येक तिकीट घेताना हे या गोष्टीत कुठे बसतं हा एकच प्रश्न विचारायचा. बसत नसेल तर कितीही सुंदर असलं तरी सोडून द्यायचं.

पहिलं तिकीट मी सगळ्यांना एकच सांगतो. भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याला 100 वर्षं झाली तेव्हा 1951 साली 2 आण्याचं तिकीट निघालं, त्यावर स्टेगोडॉन गणेसा आहे, म्हणजे शिवालिकच्या टेकड्यांत ज्याचे जीवाश्म सापडले तो नामशेष झालेला हत्तीचा भाऊबंद. भिंगाखाली धरा आणि सुळे बघा. या प्राण्याचे सुळे एकमेकांना इतके चिकटून असायचे की त्यांच्या मधून सोंड खाली जायला जागाच नव्हती, ती बाजूने लोंबत असणार. ज्याच्या नावातच गणेश आहे असा प्राणी पुण्यातल्या माणसाच्या अल्बमात पहिल्या पानावर नको तर कुठे पाहिजे! आणि हे तिकीट काही फार दुर्मिळ नाही, खिशाला झेपतं.

आता मिळवायची कुठे. नवीन भारतीय तिकिटांसाठी पुण्यात साधू वासवानी चौकाजवळच्या जीपीओत फिलाटेली काउंटरवर, म्हणजे संग्राहकांसाठीच्या खिडकीवर जा आणि डिपॉझिट अकाउंट उघडा, किमान 200 रुपये भरावे लागतात, मग नवी तिकिटं घरपोच येत राहतात. सोबत माहितीपत्रक मिळतं ते टाकून देऊ नका, पुढे पान लिहिताना तेच कामाला येतं. जुन्यासाठी रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, पण तिथे सुटी तिकिटं विकत घेण्यापेक्षा जुनी पत्रं आणि पाकिटं चाळा, कारण पाकिटावर शिक्क्यासकट असलेलं तिकीट तारीख आणि गाव दोन्ही सांगतं. भारताचं 1983 चं डार्विनचं तिकीट आणि 1997 चा बिरबल सहानी संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाचा वनस्पती-जीवाश्मांचा चार तिकिटांचा संच, हे दोन आधी शोधा.

परदेशी तिकिटांत मात्र जपून. डार्विन आणि डायनोसॉर या विषयांवर बनावट माल खूप फिरतो, एखाद्या लहान देशाचं नाव छापलेलं, रंगीत चकचकीत, आणि त्या देशाच्या टपाल खात्याला त्याचा पत्ताही नसतो. 2002 नंतरचं तिकीट असेल तर जागतिक टपाल संघटनेच्या डब्ल्यूएनएस यादीत, म्हणजे देशोदेशीच्या अधिकृत तिकिटांच्या नोंदीत बघा, काही देशांची खरी तिकिटंही तिथे नसतात म्हणून तिकिटांचा कॅटलॉगही बघा, दोन्हीकडे नाही तर घेऊ नका. आणखी एक प्रकार ओळखायला शिका, कोपऱ्यात नीटनेटका शिक्का आणि मागे गोंद जसाच्या तसा. असं तिकीट कधी पत्रावर लागलेलंच नसतं, संग्राहकांना विकण्यासाठीच त्यावर शिक्का मारलेला असतो. त्यात फसवणूक नाही, पण वापरलेलं म्हणून जास्त पैसे देऊ नका.

पाकिटावरून तिकीट काढायचं असेल तर ओढायचं नाही. भोवती बोटभर कागद ठेवून कापा, ताटलीत साध्या पाण्यावर चित्र वर ठेवून तरंगत सोडा, पंधरा-वीस मिनिटांत ते आपोआप सुटतं. लाल किंवा जांभळं पाकीट असेल तर वेगळ्या ताटलीत, नाहीतर रंग उतरून बाकीची तिकिटं खराब होतात. मग चिमट्याने उचलून टीपकागदावर उपडं ठेवा, वाळलं की जाड पुस्तकात दाबा. स्टिकरसारखी नवी तिकिटं पाण्यात नीट सुटत नाहीत, ती कागदासकटच कापून ठेवलेली बरी. आणि गोंद असलेल्या कोऱ्या तिकिटाला पाणी लावायचंच नाही.

पुण्याचा पावसाळा हा या छंदाचा खरा शत्रू आहे. एका जुलैत माझं स्टॉकबुक, म्हणजे तिकिटं खोचून ठेवायची वही, भिंतीला लागून असलेल्या कपाटात आडवं पडून राहिलं आणि कोरी तिकिटं पानाला चिकटून बसली, त्यातला 2009 चा ब्रिटनचा डार्विन संच गेला. त्या तिकिटांच्या कडा जिगसॉच्या तुकड्यांसारख्या कापलेल्या असतात, एकाला दुसरं अडकतं, आणि सोडवताना नेमके तेच कान फाटले. मला अजून वाईट वाटतं. तेव्हा स्टॉकबुक उभं ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, महिन्यातून एकदा पानं उलटा, हात कोरडे ठेवा आणि तिकिटाला चिमटाच लावा.

शेवटची पायरी म्हणजे मांडणी, आणि मजा सगळी इथेच आहे. प्रदर्शनाच्या एका फ्रेममध्ये 16 पानं बसतात, तेवढीच धरून चाला. प्रश्नांनुसार पानं पाडा, जुने सजीव कसे कळले, बेटांवर काय दिसलं, गुण पुढच्या पिढीत कसे जातात. बेटांच्या पानावर इक्वेडोरचा 1936 चा संच, डार्विन गॅलापागोसला पोचल्याला 1935 मध्ये 100 वर्षं झाली म्हणून निघालेला. जीवाश्मांच्या पानावर चीनचं 1958 चं लुफेंगोसॉरस, डायनोसॉर असलेलं जगातलं पहिलं तिकीट म्हणून ते ओळखलं जातं. प्रत्येकाखाली दोनच ओळी लिहा, पण स्वतःच्या शब्दांत आणि मराठीत. जागा रिकामी असेल तर रिकामीच ठेवा, भरायची म्हणून काहीही लावू नका. सीलाकँथ हा मासा कधीच संपला असं मानलं जायचं आणि 1938 मध्ये तो दक्षिण आफ्रिकेजवळ जिवंत सापडला, त्याचं कोमोरोस बेटांचं 1954 चं तिकीट मला अजून मिळालेलं नाही, म्हणून माझ्या अकराव्या पानावर पेन्सिलीने आखलेली एक चौकट आहे आणि खाली दोन ओळी आधीच लिहून ठेवल्या आहेत.