कुत्र्याची खाज: कारण सापडत नसेल तर

औषधं झाली, शाम्पू झाले, तरी खाजवणं थांबत नाही, अशा वेळी बहुतेकदा तपासण्याचा क्रमच चुकलेला असतो. आधी किडे, मग जंतू आणि यीस्ट (एक प्रकारची बुरशी), अ‍ॅलर्जी सगळ्यात शेवटी.

कुठे खाजवतो ते पाहा. कंबर आणि शेपटीचं मूळ असेल तर पिसवांचा संशय घ्या. कानांच्या कडा आणि कोपरं असतील तर खरूज. पंजे चाटणं, तोंड घासणं, काखा लाल होणं हे अ‍ॅलर्जीकडे झुकतं. खाज नसताना दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ झाले, तर थायरॉइडची रक्ततपासणी करा. सोबत तहान वाढली आणि पोट सुटलं असेल, तर कुशिंग्जचीही (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार).

पिसवांसाठी बारीक दातांची फणी कंबरेवरून फिरवा आणि निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. कणीभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. डाग नाही म्हणून पिसवा नाहीत असं मात्र नाही. खाजरं कुत्रं चाटता-चाटता पुरावाच गिळून टाकतं, आणि अ‍ॅलर्जी असेल तर मोजके चावेही पुरतात. त्यामुळे घरातल्या सगळ्याच कुत्र्यामांजरांना किमान 3 महिने पिसवांचं औषध चालू ठेवा. एकाच डोसवर भागत नाही, कारण अंडी आणि कोष अंथरुणात, फटींत असतात. कुत्र्याचं परमेथ्रिनचं औषध मांजराला कधीही लावू नका, जिवावर बेतू शकतं.

खरजेचे किडे त्वचा खरवडूनही अनेकदा हाती लागत नाहीत. कानाची कड दोन बोटांत धरून चोळा; मागचा पाय आपोआप खाजवायला लागला तर संशय पक्का धरून व्हेटकडून उपचारच करून पाहावेत. घरातल्या माणसांनाही पुळ्या उठल्या असतील, तर तेही सांगा.

पुढे जंतू आणि यीस्ट. पुळ्या, गोल खपल्या, तेलकट वास दिसला तर त्वचेवर चिकटपट्टी दाबून घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा; पाच मिनिटांचं काम आहे. क्लोरहेक्सिडीनचा (जंतुनाशक) शाम्पू दिला तर फेस अंगावर 10 मिनिटं राहू द्या, घड्याळ लावून. लगेच धुतला तर उपयोग होत नाही. स्टेरॉइडचं इंजेक्शन तपासण्यांआधी घेऊ नका. खाज थांबते आणि खुणाही पुसल्या जातात.

एवढं होऊनही खाज राहिली तर आहाराची चाचणी. कधीच न खाल्लेलं प्रथिन किंवा हायड्रोलाइज्ड (म्हणजे अगदी बारीक तुकडे केलेल्या) प्रथिनाचा आहार, सलग 8 आठवडे, दुसरं काहीही नाही. चाचणी फसते ती बिस्किटाच्या तुकड्यावर, चव घातलेल्या जंतनाशक गोळीवर, नाहीतर आजीच्या प्रेमावर. सुधारणा झाली तरी जुनं खाणं पुन्हा देऊन पाहा: 2 आठवड्यांत खाज परतली, तरच दोष अन्नाचा. यासाठी रक्ताच्या चाचणीवर पैसे घालवू नका, ती भरवशाची नाही.

चाचणीतही फरक पडला नाही, तर उरते वातावरणातली अ‍ॅलर्जी. ती सहसा 6 महिने ते 3 वर्षांच्या वयात सुरू होते आणि पूर्ण बरी क्वचितच होते. म्हणून औषध किती दिवस घ्यायचं, यापेक्षा कमीत कमी किती डोसवर खाज आटोक्यात राहते, हे व्हेटला विचारा.