जुनं लाकूड शेतावर नेताय? या चुका टाळा

कोकणात आणि घाटावरही जुनी कौलारू घरं भराभर उतरवली जात आहेत. त्या जागी स्लॅब पडतो आणि अंगणाच्या कडेला वासे, रिपा (कौलांखालच्या पट्ट्या), खांब, तुळया पावसात भिजत राहतात. त्यातलं बरंचसं शेवटी बंबात जातं. दोन पिढ्या छप्पर तोललेला सागाचा वासा आंघोळीच्या पाण्यासाठी जाळलेला बघून जीव तुटतो. गोठा, अवजारांची खोली, खुराडं किंवा छोटं शेतघर बांधणाऱ्याला इतका चांगला माल नव्या वखारीत परवडणार नाही. पण स्वस्तात मिळालं म्हणून ट्रक भरून आणायचं आणि मग त्याचं काय करायचं याचा विचार करायचा, असं झालं की पैसे तर जातातच, वर लाकूडही वाया जातं. काम आधी ठरवा आणि त्या कामाला लागेल तेच लाकूड शोधा. खालच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळे होतात.

चूक: यादी न करता ढीग उक्त्यात घेणं

आधी कागदावर आकृती काढा. खांब किती, किती उंचीचे, आढं (छपराच्या माथ्यावरची आडवी तुळई) किती लांब, वासे किती, रिपा किती फूट, हे सगळं लिहा. लाकडाचा भाव घनफुटावर चालतो आणि हिशेब सोपा आहे: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिघांचा गुणाकार करा आणि 144 ने भागा. 10 फूट लांब, 5 इंच बाय 4 इंचांची तुळई म्हणजे साधारण 1.4 घनफूट. हे गणित तोंडपाठ असेल तर 'सगळं मिळून इतके द्या' म्हणणाऱ्यासमोर तुम्ही गोंधळत नाही.

जुन्या लाकडाची मोजलेली लांबी आणि वापरायला मिळणारी लांबी वेगळी असते. तुळयांची भिंतीत गाडलेली टोकं, वाशांची वळचणीकडची टोकं आणि खांबांचे बुंधे ही हमखास कुजणारी ठिकाणं. शिवाय कौल फुटून जिथे वर्षानुवर्षं गळत होतं, तिथेही आत पोकळी असते. दोन्ही टोकांचा फूट-फूट जाणार असं धरूनच मोजा. 12 फुटी तुळई 10 फुटांच्या भावात मिळत असेल तर तो सौदा ठीक.

वजनाकडेही लक्ष द्या. वाळलेलं सागवान घनफुटाला साधारण 18 ते 19 किलो भरतं, ऐनाचं लाकूड त्याहून बरंच जड. 50 घनफूट साग म्हणजे जवळपास 900 किलो. 'छोटा हत्ती' टेम्पोची क्षमता पाऊण टनाच्या आसपास, म्हणजे दोन खेपा आल्या. त्यात भाडं, चढवणं-उतरवणं, सॉमिलची कापाई मिळवा. फुकटचा माल दुसऱ्या जिल्ह्यातून आणणं बहुतेक वेळा परवडत नाही. आपल्याच तालुक्यात शोधा. कुणाचं घर उतरायचंय हे गावातल्या सुताराला आणि गवंड्याला सगळ्यात आधी कळतं. शहरात हवं असेल तर पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास आणि पाडकाम करणाऱ्या ठेकेदारांकडे चौकशी करता येते. वाडे पाडताना निघालेल्या कडीपाटाच्या (लाकडी छताच्या) तुळया आणि चौकटी तिथूनच फिरतात.

चूक: घर पडल्यावर जाणं

जेसीबीने घर पाडलं की निम्मं लाकूड तिथेच फुटतं, वासे मधोमध तडकतात. म्हणून घर उभं असतानाच मालकाशी बोला आणि 'वरून खाली, हाताने उतरवू' हे ठरवून घ्या: आधी कौलं, मग रिपा, वासे, आढं, शेवटी तुळया आणि खांब. मजुरी वाढते, पण चौकटी, खुंट्या, कड्या, बिजागऱ्या आणि कौलंसुद्धा शाबूत हाती येतात. हे काम दिवाळीनंतर ते वैशाखापर्यंतच्या काळातलं. पडवीवर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते फोडू नका, करवतीनेही कापू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसांत जाऊन बसते. ओले करून अखंड उतरवा.

चूक: 'साग आहे' एवढ्यावर विश्वास ठेवणं

सागाचा गाभा वाळवीला दाद देत नाही हे खरं, पण ही ताकद गाभ्याचीच. सालीलगतचा फिकट, पिवळट-पांढरा भाग साधारण इतर लाकडासारखाच किडतो. जुन्या वाशांमध्ये तर असा पांढरा भाग भरपूर असतो, कारण ते बारीक झाडांचे असतात. टोक कापून बघा: मधला तपकिरी भाग किती आणि भोवतालचा पांढरा किती. पांढरा जास्त असेल तर तो वासा जमिनीपासून आणि ओलीपासून लांब, आतल्या कामाला वापरा.

तपासणीसाठी एक हातोडी आणि एक स्क्रूड्रायव्हर पुरे. हातोडीने ठोकत जा. निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, पोकळ बद्द वाजतं. स्क्रूड्रायव्हर टोकावर आणि बुडख्यात जोर देऊन टोचा. तो सहज आत गेला तर तेवढा भाग गेला. बारीक छिद्रं दिसली म्हणून लगेच नाकारू नका. भुंगा जुना असेल तर छिद्रांच्या कडा काळवंडलेल्या असतात आणि भुकटी पडत नाही. खात्री करायची तर लाकडाखाली काळं कापड अंथरून काही दिवस थांबा. त्यावर मैद्यासारखी ताजी पूड पडली तर किडा जिवंत आहे. असं लाकूड बाकीच्या ढिगात मिसळू नका. आंब्याच्या फळ्यांकडे विशेष लक्ष ठेवा, त्यांना भुंगा फार लवकर लागतो.

चूक: तुळई आडवी टाकणं आणि खाचा न बघणं

इथे चूक झाली तर छप्पर खाली येऊ शकतं, म्हणून हे जरा सविस्तर. 5 इंच बाय 3 इंचांची तुळई 5 इंचांची बाजू उभी ठेवून बसवली, तर तीच आडवी ठेवल्याच्या तुलनेत जवळपास पावणेतीन पट कमी वाकते. लाकूड तेच, खर्च तोच, फरक फक्त ठेवण्याचा. तरीही 'बसायला सपाट बरी' म्हणून आडव्या टाकलेल्या तुळया जागोजागी दिसतात.

दुसरं म्हणजे जुन्या तुळयांना आधीच्या घरातल्या सांध्यांच्या खाचा आणि भोकं असतात. भार पडला की तुळईचा खालचा भाग ताणला जातो आणि हा ताण गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, मध्यावर सगळ्यात जास्त असतो. म्हणून खालच्या बाजूची मधली खाच सर्वांत घातक. तुळई उलटून खाच वर आणा, किंवा मधून कापून तिचे दोन छोटे तुकडे करा आणि कमी गाळ्याला वापरा. खाचेत लाकडाचा तुकडा ठोकून वर रंग लावला की ती नजरेआड होते, पण तुळईची ताकद परत येत नाही. माणसं राहणार असतील किंवा माळ्यावर धान्याची पोती ठेवायची असतील तर जाणत्या सुताराला दाखवल्याशिवाय गाळा वाढवू नका.

खांब कधीही थेट मातीत गाडू नका, मग तो ऐनाचा असो की सागाचा. आपल्या जुन्या घरांत खांबाखाली दगडी तळखडा असायचा. लाकूड जमिनीच्या ओलीपासून तोडलेलं असायचं, म्हणून ते टिकलं. घर उतरवताना ते तळखडेही मागून घ्या. बहुतेक जण फुकट देतात.

चूक: पॅलेटवरचा शिक्का चुकीचा वाचणं

चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी अशा औद्योगिक पट्ट्यांत पॅलेट (माल ठेवण्याच्या लाकडी चौकटी) आणि पेटाऱ्यांचं लाकूड स्वस्तात मिळतं. परदेशी मालाबरोबर येणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि पुढे अक्षरं असतात. 'एचटी' (HT) म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवलेलं. 'एमबी' (MB) म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. 'एमबी' असलेलं लाकूड घरात, खुराड्यात किंवा भाजीच्या वाफ्याला घेऊ नका. पण 'एचटी' पाहून 'हे टिकणार' असंही समजू नका. तापवल्याने त्या वेळचे किडे मरतात, पुढचं संरक्षण काहीच मिळत नाही. बरीचशी पॅलेट पाइनची असतात आणि उघड्या पावसात ती लवकर कुजतात. आतल्या फडताळांना, कप्प्यांना, कोरड्या जागेतल्या फळ्यांना ती उत्तम. शिक्का नसेल, वर तेलाचे किंवा रसायनाचे डाग असतील, वास येत असेल, तर सोडून द्या.

सेंट्रिंगच्या फळ्यांनाही हेच लागू. काँक्रीट चिकटू नये म्हणून त्यांना बऱ्याचदा गाडीचं जळकं ऑइल फासलेलं असतं, त्यामुळे गव्हाणीला त्या वापरू नका. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरना टिकण्यासाठी क्रिओसोट हे विषारी डांबरी तेल पाजलेलं असतं. गडग्याला, बांधाला ते ठीक. घरात किंवा जनावरांच्या तोंडाजवळ नको.

चूक: जुना रंग घासून काढणं

जुन्या हिरव्या, निळ्या, पिवळ्या दारांवरच्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा घालणारे नियम 2016 मध्ये आले आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्याआधीचा रंग कोरडा घासला की विषारी धूळ उडते, जाळला तर धूर. ओला करून खरवडा, नाका-तोंडावर चांगला मास्क लावा, खाली कागद अंथरा, लहान मुलांना दूर ठेवा. असा रंग असलेली फळी गोठ्यात लावूच नका. गुरं चाटतात.

चूक: खिळे राहू देणं

पहार आणि जंबुरा घेऊन एकेक खिळा काढा आणि मग पृष्ठभागावरून लोहचुंबक फिरवा. डोकं तुटलेला खिळा डोळ्याला दिसत नाही. सॉमिलवाल्याच्या पात्याला असा खिळा लागला की पातं जातं आणि माणसालाही इजा होऊ शकते. म्हणूनच अनेक गिरण्या जुनं लाकूड घ्यायलाच तयार नसतात.

चूक: वादळात पडलेलं झाड लगेच कापून लावणं

3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत बागाच्या बागा झोपल्या. असं लाकूड जवळपास फुकट मिळतं, पण ओलं असतं. फळ्या पाडून सावलीत, मध्ये सारख्या अंतरावर पट्ट्या ठेवून रचा आणि टोकांना उरलासुरला रंग किंवा मेण फासा, म्हणजे चिरा कमी पडतात. इंचभर जाडीला एक उन्हाळा तरी जाऊ द्या. माडाचं खोड वापरणार असाल तर बुंध्याकडचा, बाहेरचा कठीण भागच घ्या. आतला भुसभुशीत असतो.

चूक: कागद न ठेवणं

भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 69 नुसार वनोपजाच्या मालकीचा वाद उभा राहिला, तर ती सरकारची नाही हे सिद्ध होईपर्यंत सरकारचीच धरली जाते. रस्त्यात गाडी अडवली तर 'जुनं आहे साहेब' हे पुरत नाही. घरमालकाची सहीची विक्री-पावती, घराचा उतारा आणि उतरवण्याआधीचे फोटो जवळ ठेवा. वाहतूक परवाना लागेल का, हे गाडी भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. उभं झाड तोडायचं असेल तर परवानगीचा विषय वेगळा, 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाखाली येणारा.

बांधून झाल्यावर येणाऱ्या अडचणी

फळीतून पूड पडू लागली तर बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं पाण्यातलं द्रावण ब्रशने दोन-तीनदा पाजा. मात्र आधी रंग किंवा पॉलिश खरवडा, नाहीतर ते आत शिरत नाही. पावसात हे औषध धुऊन जातं, म्हणून ते आतल्या लाकडालाच.

खिळा ठोकताना लाकूड फाटत असेल तर ते फार वाळलं आहे. गिरमिटाने आधी बारीक भोक पाडा, मग खिळा.

वासा वाकायला लागला तर मधे आडवा टेकू आणि त्याखाली खांब द्या. शेजारी दुसरा वासा जोडून बोल्ट मारला तरी चालतं.

आणि दार पावसाळ्यात अडकू लागलं, तर लगेच रंधा मारू नका. हवेतल्या ओलीने लाकूड फुगतं. भाद्रपदात घासून सैल केलेल्या दारातून माघात बोट जाईल एवढी फट पडते. अगदी उघडत नसेल तर जिथे घासतंय तेवढीच कड चाटून घ्या, उघड्या पडलेल्या कडेला तेल किंवा पॉलिश लावा आणि बाकीचं दिवाळीनंतर बघा.