सगळीच कामे तातडीची वाटतात तेव्हा आधी काय करावे?

कामे अंगावर आली की बहुतेक जण सर्वांत सोपे काम उचलतात, नाहीतर ज्याचा फोन शेवटी आला त्याचे. क्रम लागतो, पण तो आपण लावलेला नसतो. तो नीट लावायला अर्धा तास पुरतो. कागद-पेन घ्या. मोबाइल शक्यतो नको, यादी करायला उघडला की त्यातच दोन नवी कामे दिसतात.

1. सगळे कागदावर उतरवा (10 मिनिटे)

ऑफिसचे, घरचे, कुणाला द्यायचे राहिलेले उत्तर, सुचेल ते लिहा. क्रम लावू नका. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये मांडले की माणूस एका वेळी साधारण चारच गोष्टी मनात धरू शकतो. वीस कामे मनातल्या मनात ताडून पाहणे जमत नाही, त्याचे हे एक कारण.

प्रत्येक ओळीत क्रियापद हवे. नुसते ‘विमा’ लिहिले तर ते ओझेच राहते. ‘विम्याचा अर्ज भरून सही करणे’ लिहिले की नेमके काय करायचे ते कळते.

2. तारीख कुणाची, ते तपासा

इथे घाई करू नका, खरी निवड इथेच होते. प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी लिहा: शेवटची तारीख, आणि ती चुकली तर काय होईल. तारखा तीन प्रकारच्या असतात. काही बाहेरून ठरलेल्या आणि न हलणाऱ्या: परीक्षेचा अर्ज, कर भरण्याची मुदत. काही कुणीतरी बोलता बोलता सांगितलेल्या. विचारले तर दोन-तीन दिवस सहज पुढे जातात. उरलेल्या आपणच मनाशी धरलेल्या असतात. ताण मात्र तिन्हींचा सारखाच येतो.

परिणामही मोघम लिहू नका. ‘वाईट दिसेल’ हा परिणाम नव्हे. दंड लागेल, कुणाचे काम अडेल, संधी जाईल, असे काही लिहिता येत नसेल तर ते काम आजचे नाही. काही ओळी तर खोडूनच टाकता येतील.

3. उरलेल्यांचा क्रम लावा

तातडीचे आणि महत्त्वाचे यांतला फरक अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 1954 च्या एका भाषणात सांगितला होता. त्यावरून चार चौकटींचा तक्ता प्रसिद्ध झाला: काम तातडीचे आहे की नाही आणि महत्त्वाचे आहे की नाही, यावरून ते एका चौकटीत बसते. तक्ता चांगला आहे, पण गोंधळलेला माणूस सगळी कामे ‘तातडीचे आणि महत्त्वाचे’ याच चौकटीत भरतो आणि पुन्हा तिथेच अडकतो. मग जोडीने तुलना करा. यादीतली पहिली दोन कामे घ्या आणि विचारा: आज यांतले एकच होणार असेल तर कोणते? जिंकलेले काम पुढच्याशी ताडा. शेवटी जे टिकेल ते पहिले. ते बाजूला ठेवून आणखी दोन निवडा. आजची मुख्य कामे ही तीनच.

याला एक अपवाद आहे. तुमच्या पाच मिनिटांसाठी दुसऱ्याचा दिवस अडला असेल, तर ते आधी मोकळे करा. ज्यांचे उत्तर यायला वेळ लागतो अशा विनंत्याही सकाळीच पाठवा. बाकीची बारीकसारीक कामे मात्र सकाळी नकोत. दुपारनंतर अर्ध्या तासात एकदम उरका.

4. वेळ लिहा आणि त्यात भर घाला

आपल्या कामाला लागणारा वेळ माणूस कमी धरतो. मानसशास्त्रज्ञ कानमन आणि ट्वर्स्की यांनी 1979 मध्येच या चुकीकडे लक्ष वेधले होते. म्हणून अंदाजाची दीडपट करा: तासाला दीड तास. दिवसाचे आठ तास असतील तर पाचच भरा, उरलेले तीन अचानक येणारी कामे खातातच. तीन कामे पाच तासांत मावत नसतील तर दोन ठेवा.

पहिले काम फार मोठे असेल तर त्याचा 20 मिनिटांचा तुकडा काढा: ‘अहवाल लिहिणे’ऐवजी ‘अहवालाचे मथळे लिहिणे’.

5. मागे पडलेल्यांचे कळवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग मागे ठेवलेले काम दिवसभर मनात टोचत राहते. थोडक्यात कळवा: “हे गुरुवारी दुपारपर्यंत देतो. आधी हवे असल्यास आजच सांगा.” वरिष्ठांनी एकदम चार कामे दिली असतील तर नकार देऊ नका, यादी दाखवून विचारा: “यातले कोणते मागे ठेवू?” माफीनामा लांबवू नका, समोरच्याला तारीख हवी असते.

मध्येच नवे काम आले तर ते यादीच्या खाली लिहा आणि हातातले संपल्यावर दुसरी पायरी त्याला लावा. संध्याकाळी पाच मिनिटे काढून उद्याची तीन कामे निवडा. एखादे काम सलग तीन दिवस पुढे ढकलले गेले तर चौथ्या दिवशी तसेच उतरवू नका: त्याचे तुकडे करा, दुसऱ्याकडे द्या किंवा खोडा.