लॉसलेस फाइलींचे रूपांतर आणि संगणकावरील प्लेअरची निवड

ख्यालाच्या बहुतेक सीडींवर विलंबित आणि द्रुत हे दोन वेगळे ट्रॅक असतात, पण गायक तेथे थांबलेला नसतो. तंबोरे चालूच असतात, ठेका बदलतो आणि गाणे पुढे सरकते. ती सीडी संगणकावर उतरवून घेतल्यानंतर नेमक्या या सांध्यावर क्षणभर शांतता पडत असेल किंवा बारीक ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर रूपांतरात किंवा प्लेअरमध्ये काहीतरी चुकले आहे, असे खुशाल समजावे. पुढे जे सांगितले आहे, त्याची परीक्षा वाचकाने आपल्या संग्रहातील अशाच एखाद्या सांध्यावर घ्यावी.

सीडीवरील ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि दोन चॅनेल या हिशेबाने साठवलेला असतो. म्हणजे मिनिटाला सुमारे १०.६ मेगाबाइट जागा लागते. वेव्ह फाइल हे नमुने जसेच्या तसे ठेवते. फ्लॅक, ॲलॅक, एपीई आणि वेव्हपॅक हे लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावणारे, प्रकार त्यांचीच घडी घालतात आणि वाजवताना ती एकही बिट न गमावता उलगडतात, त्यामुळे यांपैकी कोणाचा आवाज ‘अधिक खुला’ आहे, या वादात पडण्याचे कारण नाही. फरक आहे तो सोयीचा. एपीई थोडी अधिक जागा वाचवते, पण ती उलगडायला जवळजवळ घडी घालण्याइतकेच श्रम पडतात आणि ती वाजवणारी उपकरणे मोजकीच आहेत. वेव्हमध्ये कलाकार, राग, ताल अशा माहितीचे टॅग भरवशाने टिकत नाहीत. २००१ साली आलेला फ्लॅक मुक्त आहे, तो जवळपास सर्वत्र वाजतो, आणि मूळ नमुन्यांची एमडीफाइव्ह ही खूणगाठ (नमुने बदलले तर ते ओळखता येणारी) फाइलीतच नोंदवून ठेवतो. कायमच्या संग्रहासाठी मी फ्लॅकच सुचवेन. अपवाद एकच: ॲपलच्या म्युझिक ॲपच्या लायब्ररीत फ्लॅक फाइली घेता येत नाहीत, त्यामुळे ज्या घरात मॅक आणि आयफोन यांवरच सारे चालते, तेथे ॲलॅक ठेवावा. ॲपलने तो २०११ साली खुला केला असल्यामुळे पुढे कधीही त्यातून फ्लॅक करता येतो, आणि त्यात काहीही गमावत नाही.

आता प्रत्यक्ष रूपांतर. जुन्या संग्रहांत संपूर्ण सीडीची एकच मोठी एपीई फाइल आणि सोबत कोणता ट्रॅक कोठे सुरू होतो हे सांगणारी क्यू नावाची छोटी मजकूर-फाइल असे जोडपे हमखास सापडते. विंडोजवर फूबार२००० हा मोफत प्लेअर आणि त्याच्याच संकेतस्थळावरचा एन्कोडर पॅक उतरवून घ्यावा. एपीई उघडत नसेल, तर तिचा स्वतंत्र कॉम्पोनंट (प्लेअरला जोडायचा छोटा भाग) जोडावा. त्यानंतर मोठी फाइल नव्हे, तर क्यू फाइल प्लेलिस्टमध्ये ओढावी, म्हणजे ट्रॅक सुटे दिसू लागतात. क्यू फाइलीत देवनागरी नावे असतील आणि त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा अगम्य अक्षरे दिसत असतील, तर ती नोटपॅडमध्ये उघडून दुरुस्त करावी आणि यूटीएफ-८ मध्ये जतन करावी. सगळे ट्रॅक निवडून उजव्या क्लिकने ‘कन्व्हर्ट’मध्ये जावे आणि आउटपुट फॉरमॅट म्हणून फ्लॅक निवडावा. त्याच्या ० ते ८ या पातळ्या घडी किती घट्ट बसवायची एवढेच ठरवतात. आवाजाशी त्यांचा संबंध नाही. मूळची ५ ही पातळी पुरेशी आहे, कारण ८ घेतल्याने आकारात फार तर एक-दोन टक्क्यांचा फरक पडतो. ‘प्रोसेसिंग’ हा विभाग मात्र रिकामाच ठेवावा. तेथे चुकून इक्वलायझर किंवा रीसॅम्पलर राहून गेला, तर फाइल नावाची लॉसलेस उरते. मॅकवर हेच काम एक्सएलडी करतो आणि लिनक्सवर फ्रीएसी.

मूळ फाइली पुसण्याची घाई करू नये, हे मी स्वतःच्या नुकसानीतून सांगतो आहे. एकदा डिस्क भरत आली असताना मी चाळीसेक सीडींचे रूपांतर रात्रभर लावून ठेवले आणि सकाळी जुन्या एपीई फाइली पुसून टाकल्या. एका मारव्याचा शेवट मध्येच तुटलेला आहे, हे कळायला तीन महिने लागले. आता मी जुना आणि नवा ट्रॅक एकत्र निवडून फूबारच्या बिट-कंपेअर या कॉम्पोनंटने दोन्ही ताडून पाहतो. दोन्हींत फरक नाही, असा निर्वाळा मिळाल्यावरच जुनी फाइल पुसावी.

उलट दिशेचा मोहही टाळावा. एमपीथ्रीची फ्लॅक केली, तर जागा वाढते आणि गेलेला तपशील परत येत नाही. एखाद्या फ्लॅकविषयी शंका आली, तर स्पेक या छोट्या प्रोग्रॅममध्ये तिचा वर्णपट पाहावा; १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी आडवी कड दिसली, तर ती बहुधा कधीकाळी १२८ केबीपीएसची एमपीथ्री होती. जुन्या ध्वनिमुद्रणांत इतक्या वरच्या कंप्रता मुळातच नसतात, त्यामुळे १९५० च्या आधीच्या तबकड्यांना हा निकष लावू नये. मोबाइलसाठी हलकी प्रत हवी असेल, तर ती फ्लॅकवरूनच काढावी. १२८ केबीपीएसचा ओपस हा हलका (लॉसलेस नसलेला) प्रकार त्यासाठी पुरतो, आणि गाडीतल्या जुन्या स्टिरिओसाठी एमपीथ्री आहेच. घरच्या कॅसेटी ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये उतरवणाऱ्यांनी २४ बिट फ्लॅक निवडावा.

देवनागरीत नावे ठेवणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. फ्लॅकचे टॅग यूटीएफ-८ मध्येच असतात, त्यामुळे ‘पूरिया धनाश्री, विलंबित एकताल’ असे कितीही लांब लिहिले तरी चालते. फाइलीच्या नावाचे तसे नाही. लिनक्सवरील नेहमीच्या फाइल-व्यवस्थेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते; मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हेही स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हांत सारे बसवायचे. ‘स्त्री’ या एका अक्षरातच सहा चिन्हे, म्हणजे अठरा बाइट संपतात. म्हणून फाइलीच्या नावात ट्रॅक क्रमांक आणि राग एवढेच ठेवून बाकीचा तपशील टॅगमध्ये भरावा. शिवाय कलाकाराचे नाव एका फाइलीत देवनागरीत आणि दुसऱ्या फाइलीत रोमन लिपीत लिहू नये. प्लेअर त्यांना दोन वेगळ्या व्यक्ती समजतो आणि संग्रह दुभंगतो.

प्लेअर निवडताना ‘याचा आवाज गोड’ हा निकष बाजूला ठेवावा. ध्वनीवर कोणतीही प्रक्रिया होत नसेल, तर सर्व प्लेअर तेच नमुने पुढे पाठवतात. पाहायचे ते तीन गोष्टींकडे: सलग वादन, टॅगची हाताळणी आणि हजारो फाइलींतून हवे ते सापडण्याचा वेग. २००२ पासून चालत आलेला फूबार२००० पहिल्या नजरेत रुक्ष वाटतो, पण या तिन्ही बाबतींत त्याला तोड नाही. ज्यांना मुखपृष्ठे पाहत संग्रह चाळायला आवडतो आणि मांडणीत वेळ घालवायचा नाही, त्यांनी विंडोजवर म्युझिकबी घ्यावा. लिनक्सवर मोठ्या लायब्ररीसाठी स्ट्रॉबेरी आणि सुटसुटीत कामासाठी डेडबीफ हे दोन्ही चांगले आहेत. व्हीएलसी काहीही उघडतो, म्हणून तो संगणकावर असावाच, पण सांध्यावर तो अडखळतो. त्यामुळे ख्याल ऐकण्यासाठी मी तो वापरत नाही.

विंडोज सर्व आवाज एकाच नमुनादरात बदलून एकत्र मिसळते. बाहेरचा डॅक (अंकांतील ध्वनीचे विद्युत-संकेतांत रूपांतर करणारे उपकरण) जोडलेला असेल आणि ४४,१०० चे ४८,००० होऊ द्यायचे नसेल, तर फूबारच्या आउटपुट यादीत त्याच डॅकच्या नावापुढे ‘एक्स्क्लुझिव्ह’ असे लिहिलेला पर्याय निवडावा. त्यानंतर इतर प्रोग्रॅमचे आवाज बंद राहतात, ही त्याची किंमत.

शेवटची मांडणी रीप्लेगेनची. सीडी-सीडींमधला आवाजाचा चढउतार त्याने समान होतो, आणि मोजमाप फक्त टॅगमध्ये लिहिले जात असल्याने ध्वनीला धक्का लागत नाही. मात्र तो ‘ट्रॅक’ऐवजी ‘अल्बम’ या पद्धतीवर ठेवावा. ट्रॅकनिहाय ठेवल्यास शांत विलंबिताचा आवाज वर आणि जोरकस द्रुताचा खाली ओढला जातो, आणि एरवी निर्दोष असलेल्या सांध्यावर तंबोरा एकाएकी दबल्यासारखा ऐकू येतो.