शेवटचे तीन सेकंद कापू नका

आजीच्या पेटीतल्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या मी ओलसर सुती कापडाने, खाचांच्या दिशेने गोल पुसतो. स्पिरिट अजिबात लावू नका, तबकडी ज्या लाखेची असते ती विरघळते. लेबल कोरडंच राहू द्या. मग तबकडी तिरप्या उजेडात धरा. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात बारीक आकडा कोरलेला दिसेल, तो आधी वहीत उतरवा. लेबल फाटलं तरी तो टिकतो. एलपीची, म्हणजे नंतरच्या बारीक खाचांच्या तबकड्यांची सुई चालत नाही, ७८ची जाड सुई घ्या.

आणि शेवटपर्यंत ऐका. १९०२ मध्ये गायिका गौहर जान गाणं संपवून स्वतःचं नाव सांगत, तसं त्या काळातल्या अनेक गायिका सांगत. खरखर म्हणून तो तुकडा डिजिटल करताना लोक कापतात, मला फार वाईट वाटतं. कित्येकींच्या बोलण्याचा आवाज तेवढाच उरलाय.