मलेरियाच्या पोरांचं ब्लड व्हॉल्यूम: थिसिसला घ्यायच्या आधी हे वाचा

पीडियाट्रिक्सच्या पहिल्या वर्षाला आहात आणि गाईडनी "जरा वेगळं काहीतरी कर की" म्हणून हा विषय गळ्यात मारलाय, अशांसाठी लिहितोय. मी कोल्हापुरात पीजी करताना यात अडकलोय, अजून पूर्ण सुटलेलो नाही, त्यामुळं लई शहाणपणा शिकवतोय असं समजू नका.

आधी रोखठोक सांगतो. इथं सिव्हियर फाल्सिपॅरमची (मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार) पोरं गोळा करून थिसिस होणार नाही. आपला वॉर्ड पावसाळ्यात भरतो तो डेंग्यूनं. तसल्या केसेस पाहिजेत तर गडचिरोलीकडं बघायला लागतंय, आणि या विषयातलं बरंचसं मोठं काम आफ्रिकेत झालंय. त्यामुळं रिव्ह्यू म्हणून घ्या किंवा मोजायच्या पद्धतीवर काम करा, पण सॅम्पल साइझ आधी बघा.

विषय मात्र फालतू नाही हां. २०११ ची फीस्ट ट्रायल सगळ्यांना माहीत असते, युगांडा, केनिया, टांझानियातली ३१४१ पोरं, निम्म्याहून जास्त मलेरियाची. हातपाय गार, पर्फ्युजन (अवयवांना होणारा रक्तपुरवठा) खराब, म्हणजे रक्ताचं व्हॉल्यूम कमी असणार, द्या बोलस (शिरेतून झटक्यात सोडलेलं सलाईन किंवा अल्ब्युमिन), असं सगळेच धरून चालले होते. ४८ तासांत बोलसवाल्यांत साधारण १०.५ टक्के गेली, बोलस न दिलेल्यांत ७.३. म्हणजे आत खरंच किती रक्त आहे हे नुसतं बघून ठरवणं किती महागात पडतं ते कळतं.

आता मोजण्यातला खरा खड्डा. ट्रेसर (रक्तात मिसळून मोजता येणारा पदार्थ) टाकायचा, कॉन्सन्ट्रेशन बघायचं, डोस भागिले कॉन्सन्ट्रेशन म्हणजे प्लाझ्मा (पेशी सोडून उरलेलं रक्ताचं पाणी) व्हॉल्यूम, त्याला एक वजा हिमॅटोक्रिटनं (रक्तातला लाल पेशींचा वाटा) भागलं की ब्लड व्हॉल्यूम. फॉर्म्युला फर्स्ट एमबीबीएसचा, म्हणून कोण परत बघतच नाही, आणि मीही त्यातच कितीतरी दिवस गोल गोल फिरत होतो. इव्हान्स ब्लू हा रंग असो नाहीतर आयोडीन लावलेलं अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), दोन्ही शेवटी अल्ब्युमिनच्याच जिवावर रक्तात टिकतात, आणि आजारी पोराच्या केशवाहिन्यांतून अल्ब्युमिन बाहेर पाझरतं. गळक्या टाकीत रंग टाकून टाकी मोजण्यासारखं आहे ते.

आकड्यात बघा. १० किलोचं पोर, खरा प्लाझ्मा ५०० एमएल, हिमॅटोक्रिट २० टक्के. खरं ब्लड व्हॉल्यूम ५०० भागिले ०.८, म्हणजे ६२५, किलोला ६२ च्या आसपास, नॉर्मल ८० च्या जवळपास धरलं तर कमीच. तुम्ही ५ मिलिग्रॅम ट्रेसर दिला, लिटरला १० मिलिग्रॅम दिसायला पाहिजे. पण उशिरा एकच सॅम्पल घेतलं, तोवर समजा २० टक्के बाहेर गेलं, दिसले ८. प्लाझ्मा आला ६२५, ब्लड व्हॉल्यूम ७८१. किलोला ७८! नॉर्मल! कमी रक्त असलेलं पोर कागदावर ठणठणीत, आणि जितकी गळती जास्त तितकं पोर जास्त भरलेलं दिसणार. चूक कुठल्याही बाजूला गेली असती तर सरासरीत थोडीफार झाकली गेली असती, ही एकाच बाजूला जाते. सॅम्पल साइझ वाढवून ही जात नाही. परत सांगतो, जात नाही.

मग लवकर सॅम्पल घ्यायचं? तेही नाही, सर्क्युलेशन खराब असलं की मिक्सिंगला वेळ लागतो. त्यामुळं सॅम्पल्स अनेक, लॉग स्केलवर रेघ, आणि ती मागं शून्य मिनिटापर्यंत वाढवायची, म्हणजे गळती सुरू होण्याआधीचं कॉन्सन्ट्रेशन मिळतं. सुरुवातीचे न मिसळलेले पॉइंट रेघेत घ्यायचे नाहीत.

कार्बन मोनॉक्साइडची (सीओ) पद्धत, म्हणजे तो गॅस हुंगवून हिमोग्लोबिनला चिकटलेला मोजायचा, कुणीतरी सुचवेलच. हिमोग्लोबिन ४ असलेल्या पोराला सीओ हुंगवणार म्हणून एथिक्स कमिटीसमोर उभं राहून दाखवा, नाद करू नका. शिवाय लाल पेशी फुटतात तेव्हा शरीर स्वतःच सीओ तयार करतं, म्हणजे मोजमापातही घोळ.

गॅबनचं २००४ चं काम वाचाल तर सावध, जड पाणी आणि ब्रोमाइड वापरून त्यांनी शरीरातलं पाणी मोजलंय, रक्त नाही. डिहायड्रेशन आणि रक्त कमी असणं एकाच वाक्यात कोंबलेला सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) मी सिनियरच्या पेनड्राईव्हवरून आलेला बघितलाय. पेनड्राईव्हवरचं काही घेऊ नका, फॉरमॅटसुद्धा नको. आणि "वजन गुणिले ८०" हे मोजमाप नाही, अंदाज आहे, ते ॲपवर केलं तरी.

गाईडचं म्हणाल तर मोठ्या नावाचा गाईड सही करायला बरा. मला खरं शिकवलं ते बायोकेमिस्ट्रीच्या टेक्निशियन काकांनी. सॅम्पल हिमोलाइज झालं (लाल पेशी फुटल्या) की रंगाचं रीडिंग बिघडतं आणि मलेरियात प्लाझ्मा मुळातच लालसर येऊ शकतो, त्यामुळं ट्रेसर द्यायच्या आधीचं ब्लँक सॅम्पल त्याच पोराचं पाहिजे, हे त्यांनी चहा पिता पिता सांगितलं.

घाबरू नका, गणित अवघड नाही, पेशन्स लागतो. सॅम्पलच्या वेळा ठरवायच्या आधी काकांना विचारा, कमीत कमी किती प्लाझ्म्यावर मशीन चालतं. रिसर्चसाठी पोरांचं रक्त काढायला युरोपात धरतात तो नियम एका वेळी एकूण रक्ताच्या १ टक्का, चार आठवड्यांत ३. १० किलोच्या पोरात एका वेळचे फार तर ८ एमएल, अॅनिमियात त्याहून कमीच धरा, आणि त्यातच रुटीन तपासण्याही बसवायच्यात.